पायाखालचे गोडे पाणी : वेस स्काइल्स यांच्या स्मरणार्थ एक मुंबईफेरी

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे चालू लागले की क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर लागते. १७२५ मध्ये एका पारशी गृहस्थांनी ती खोदवली, आणि समुद्र तेव्हा आजच्याहूनही जवळ असताना तिला गोडे पाणी लागले. पारशी समाज ही विहीर पवित्र मानतो, म्हणून मावशी आणि मी पदपथावरूनच नमस्कार केला. तारीख २१ जुलै होती आणि ती मी मुद्दाम निवडली होती. २०१० साली याच दिवशी पाण्याखालच्या गुहांचे शोधक आणि छायाचित्रकार वेस स्काइल्स फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रात काम करत असताना वारले. ते ५२ वर्षांचे होते.

फ्लोरिडाच्या जमिनीखाली चुनखडक आहे. मुरलेले पाणी त्याला हळूहळू विरघळवत जाते, त्यातून मैलोगणती भुयारे तयार होतात आणि तेच पाणी पुढे झऱ्यांच्या रूपाने वर येते. या भुयारांत सूर्यप्रकाशाचा लवलेश नसतो, त्यामुळे एका छायाचित्रासाठी सहकाऱ्यांना दिवे देऊन दूरवर, खडकांच्या आडोशाला थांबवावे लागते. कोणाच्या पायाने तळाचा गाळ ढवळला गेला तर समोरचे काही दिसेनासे होते. सोबतच्या हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक परतीसाठी आणि एक अडचणीसाठी राखायचा, हा तिथला कडक नियम. इतक्या धोक्यात स्काइल्स वारंवार उतरले, कारण लोक जे पाणी पितात ते त्यांच्या डोळ्यांना दिसले पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता, असे मला वाटते. त्यांच्या एका माहितीपटात पाणबुडे गुहेतून पुढे सरकतात आणि त्यांच्याजवळच्या यंत्राचा संकेत पकडत काही माणसे वर जमिनीवरून चालतात. वाटेत रस्ता येतो, उपाहारगृह येते. आमची फेरी त्याच प्रसंगावरून सुचली.

तीन बत्तीला बसमधून उतरून आम्ही बाणगंगेच्या पायऱ्यांवर पोहोचलो, तेव्हा पावसाची मोठी सर नुकतीच येऊन गेली होती. ११२७ साली शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी तलाव बांधल्याचे सांगतात. १७१५ मध्ये रामा कामती यांनी जीर्णोद्धार केला. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तरी तलावाला झऱ्याचे गोडे पाणी आहे. मावशी निवृत्त भूगोल शिक्षिका. त्या म्हणाल्या, “इथे बेसाल्ट आहे रे, तो चुनखडकासारखा विरघळत नाही. पाणी त्याच्या भेगांमधून वाट काढतं.”

किनाऱ्यालगत गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते. बहामातील जलमग्न गुहांमध्ये पाणबुडे हे दोन्ही थर ओलांडून खाली जातात. त्या गुहांमधील स्काइल्स यांची छायाचित्रे नॅशनल जिओग्राफिकच्या ऑगस्ट २०१० च्या अंकात आली. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना, कोरड्या गुहेत थेंबाथेंबाने वाढलेले चुनखडीचे स्तंभ आज पूर्ण पाण्याखाली आहेत, आणि त्यांच्यामधून जाणारा पाणबुड्या अगदी इवलासा दिसतो. त्या चित्रांपुढे मी आजही पान उलटायचे विसरतो.

बाणगंगेवर पितृपक्षात श्राद्धविधी होतात. पाण्यात सोडलेल्या अन्नामुळे प्राणवायू घटून मासे मेल्याच्या बातम्या त्यानंतर अनेकदा येतात. फ्लोरिडाच्या झऱ्यांनाही शेतीची खते आणि सांडपाण्यातील नायट्रेट बाधले, तिथे शेवाळ माजले. तरुणपणापासून याच झऱ्यांत उतरलेल्या स्काइल्स यांनी हा ऱ्हास जवळून पाहिला आणि कॅमेऱ्याने लोकांपुढे मांडला. तिथल्या एका झऱ्यांच्या उद्यानाला आता त्यांचे नाव आहे, आणि अशा माणसाचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

परतताना आम्ही मलबार हिलच्या माथ्यावर हँगिंग गार्डनमध्ये गेलो. या बागेखाली शहराला पाणी पुरवणारा, ब्रिटिश काळात बांधलेला जलाशय आहे. हिरवळीवर फिरणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, असे मावशींनी विचारले. त्या जलाशयाची आणि बाणगंगेच्या झऱ्याची पाण्याखालून काढलेली चित्रे मुंबईच्या प्रत्येक शाळेत लागावीत, असे मला मनापासून वाटते, आणि ती काढणारा कोणी तरुण पाणबुडा भेटला तर मी त्याच्यासोबत वरच्या रस्त्यावरून चालायला तयार आहे.