वामनदादांची गीते आणि त्यांच्या चाली

लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या गीतांमधल्या विचारांवर पुष्कळ बोलले जाते, पण ती गीते घडवली कशी गेली याकडे आपले लक्ष फारसे जात नाही, याची मला खंत वाटते. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावात जन्मलेल्या वामनदादांना लहानपणी शाळा मिळाली नाही. पोटासाठी मुंबईत आल्यावर ते शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना कुणीतरी वाचायला दिलेले पत्र त्यांना वाचता आले नाही आणि ती बोच इतकी खोल गेली की ऐन तरुणपणी ते अक्षरे गिरवू लागले. दुकानांवरच्या पाट्या वाचत त्यांनी आपले वाचन पक्के केले.

1943 साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण चाल आधीच ओठांवर असली की नवे शब्द वस्तीत रुजायला वेळ लागत नाही. ध्रुवपद दोनदा कानावर पडले की तिसऱ्या वेळी समोर बसलेली माणसे आपणहून साथ धरतात. मात्र त्यांची रचना तेवढ्यावर थांबली नाही. ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ या गीतात लोक, टोक असे काफिये म्हणजे यमकाचे शब्द आणि त्यांमागे प्रत्येक वेळी जसेच्या तसे परतणारे ‘असते’ हा रदीफ, असा गझलेचा बांधा आहे. बाबासाहेबांना उद्देशून म्हटलेल्या या गीतात जाब मात्र त्यांच्या अनुयायांना विचारलेला आहे. जयंतीच्या मंचावरून आपल्याच माणसांना असे सुनावणे आणि तरीही त्यांच्याकडून ते प्रेमाने गाऊन घेणे, ही ताकद मला इतर शाहिरांत क्वचितच दिसते.

15 मे 2004 रोजी निधन होईपर्यंत गाणे हेच त्यांचे जगणे होते. ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह 1973 साली आला, म्हणजे पहिल्या गीतानंतर तब्बल तीस वर्षांनी. तोवर गीते गायकांच्या गळ्यांतून आणि वह्यांतून गावोगाव पोहोचली होती. छापील पानावर शब्द टिकतात, चाल टिकत नाही. दादांसोबत बसून गायलेली माणसे आता वयस्कर झाली आहेत, म्हणून त्यांच्याकडून एकेका गीताची मूळ चाल ध्वनिमुद्रित करून संहितेसोबत जपण्याचे काम विद्यापीठांनी आणि आपण रसिकांनी तातडीने हाती घ्यायला हवे.