चोर आधीच्या ओळीत

निवृत्तीनंतर मी पायथन, म्हणजे संगणकाला कामं सांगायची भाषा, शिकायला घेतलं. भाचीनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि म्हणाली, "मावशी, सोपं असतं गं!"

पहिलाच प्रोग्राम भिशीच्या हिशेबाचा. उण्यापुऱ्या नऊ ओळी. चालवला, तर सातव्या ओळीवर बोट आणि खाली 'सिंटॅक्स एरर : इन्व्हॅलिड सिंटॅक्स', म्हणजे व्याकरण चुकलं. सातवी ओळ म्हणजे साधं प्रिंट, उत्तर पडद्यावर दाखवणारं. अक्षर न् अक्षर वाचली, पुसून परत लिहिली. एरर तिथंच. अर्ध्या तासानं भाचीला फोन केला, तर ती म्हणते, "सहावी बघ."

सहाव्या ओळीत 'इंट'च्या पोटात 'इनपुट' ('इनपुट' माणसाला विचारून घेतं, 'इंट' त्याचा आकडा करतं), म्हणजे उघडणारे कंस दोन. मी मिटवला होता एकच. कंस मिटेपर्यंत पायथन वाक्य चालूच आहे असं धरतं, पुढच्या ओळीत शिरतं आणि तिथं बिचाऱ्या प्रिंटला धडकतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

खरं तर हे मला कळायला हवं होतं. बँकेत संध्याकाळी टॅली जुळायची नाही, तेव्हा आम्ही आधी फरकाला नऊनं भागून बघायचो. भाग गेला, तर कुणीतरी ५४ चे ४५ केले असण्याची शक्यता मोठी. चूक दिसायची बेरजेत, पण झालेली असायची सकाळच्या कुठल्यातरी नोंदीत.

मग जरा धीर चेपला. व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याचं, नाव देवनागरीत 'भिशी' ठेवलं, चाललं! त्याच भरात पुढे ५०० सुद्धा मराठी अंकांत लिहिले, तर 'इन्व्हॅलिड कॅरॅक्टर'. गंमत अशी, की प्रोग्राम चालू असताना इनपुटमध्ये तेच मराठी ५०० दिले, तर 'इंट' ते मुकाट्यानं मोजतं. पाहुण्यांना एक नियम आणि घरच्यांना दुसरा, हे आपल्याकडेही असतंच म्हणा.

भाचीच्या लॅपटॉपवर पायथन होतं जुनं, ३.८ आवृत्तीचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून ते सरळ सांगतं, की हा कंस मिटलाच नाही, आणि बोटही त्याच कंसावर ठेवतं. कोलन राहिला तर कोलन मागतं. आता मी नवं घालून घेतलंय.

परवा त्यानं दहाव्या ओळीकडे बोट दाखवलं. मी सवयीनं नववी तपासली, मग आठवी, पार पहिलीपर्यंत गेले. चूक दहावीतच होती.