संपर्क यादीतले तीन प्लंबर

त्या दिवशीचा पाठ अगदी साधा होता. नोकरीच्या अर्जाचा ईमेल लिहायचा, त्याला प्रमाणपत्राची प्रत जोडायची आणि पाठवून द्यायचा. व्यसनमुक्ती केंद्रात संगणकाचे वर्ग घेताना हा पाठ मी इतक्या वेळा शिकवला होता की त्यात काही अनपेक्षित घडू शकेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ पस्तिशीचे होते. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनातून बाहेर येऊन त्यांना पाच महिने झाले होते. तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय आम्ही कोणाला वर्गात घेत नाही, आणि हा आकडा काही आम्ही मनाने ठरवलेला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनेही प्राथमिक व्यसनमुक्त अवस्था तीन महिन्यांपासून आणि टिकाऊ अवस्था बारा महिन्यांपासून धरली आहे. त्याआधी माणूस खुर्चीत बसलेला दिसतो, पण झोप विस्कटलेली असते आणि लक्ष दहा मिनिटेही टिकत नाही.

मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी चालू असलेल्या औषधाने त्यांच्या बोटांना बारीक कंप असे. पहिल्या आठवड्यात एका फोल्डरने त्यांना रडकुंडीला आणले होते. डबल क्लिक करायला जावे, तर दुसरा क्लिक उशिरा पडे आणि फोल्डर उघडण्याऐवजी त्याचे नाव बदलण्याची चौकट उघडे. “मॅडम, हे मुद्दाम करतंय,” असे ते गंभीरपणे म्हणाले होते. डबल क्लिकचा वेग सेटिंगमध्ये जाऊन कमी करता येतो. त्याहून सोपे म्हणजे एकदाच क्लिक करून एंटर दाबायचे. हे समजल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. हात थरथरतो म्हणून आपल्याला जमणार नाही, ही समजूत काढून टाकण्यातच माझे पहिले दोन आठवडे जातात. (माऊस ओढण्याच्या सरावासाठी पूर्वी सर्रास सॉलिटेअर खेळायला देत. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत आलेल्या त्या खेळाने कितीतरी लोकांना माऊस शिकवला. मी मात्र तो वापरत नाही. माझ्या वर्गात दर तुकडीत एखादा तरी असा असतो की ज्याचे दुसरे व्यसन पत्ते हेच होते, आणि पडद्यावरचे पत्तेही त्याच्यासाठी पत्तेच असतात.)

तर ईमेल. त्यांचे जुने खाते होते आणि प्रमाणपत्राची प्रत त्याच खात्यात कुठेतरी पडून होती, म्हणून नवे खाते न उघडता जुनेच उघडू या, असे मी सुचवले. पासवर्ड आठवत नव्हता. अर्धा तास खटपट करून, भावाच्या ईमेलवर आलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या आधाराने आम्ही आत शिरलो. प्रमाणपत्र सापडले. अर्ज जिथे पाठवायचा होता तो पत्ता जतन करून ठेवू, म्हणून मी त्यांना संपर्क यादी उघडायला सांगितली.

यादीत दोनशेहून अधिक नावे होती. ते सावकाश खाली सरकत होते आणि मी बाजूने पाहत होते. एका ठिकाणी ‘प्लंबर’, त्याखाली ‘प्लंबर नवीन’ आणि त्याखाली ‘प्लंबर रात्री’ अशी नावे आली. मी हसून म्हणाले, “केवढे हो प्लंबर तुमच्याकडे!”

ते हसले नाहीत. त्यांचा हात माऊसवरून उतरला. त्यांनी तळवे पँटवर पुसले, मग एक जांभई दिली, लगेच दुसरी. थोड्या वेळाने ते नाक पुसू लागले. पडद्यावरची नजर मात्र हटत नव्हती. “हे इथे कसं आलं?” ते म्हणाले. “तो फोन तर मी विकला होता.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरच्यांनी फोन पाहिला तरी शंका येऊ नये म्हणून पुडी देणाऱ्यांची नावे अशीच ठेवलेली असतात. केंद्रातून बाहेर पडताना जुने सिम टाकून द्यायचे, नवा क्रमांक घ्यायचा आणि तो मोजक्याच माणसांना द्यायचा, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, आणि त्यांनी तो काटेकोरपणे पाळला होता. फोन तर त्याआधीच नशेच्या पैशासाठी विकला गेला होता. पण फोनमधली यादी खात्याशी जोडलेली होती. फोन गेला, सिम गेले, तरी नावे खात्यात शाबूत राहिली, आणि ज्या दिवशी कोणीतरी पासवर्ड परत मिळवून देईल त्या दिवसाची वाट पाहत बसली. ते कोणीतरी मी होते.

ती जांभई झोपेची नव्हती, हे मला नंतर समुपदेशक ताईंनी समजावून सांगितले. १९४० च्या दशकात अमेरिकेत लेक्सिंग्टन येथील रुग्णालयात अब्राहम विकलर या डॉक्टरांनी असे पाहिले होते की, कित्येक महिने नशेपासून दूर असलेल्या रुग्णांसमोर गटचर्चेत नशेचा विषय निघाला, की त्यांचे नाक गळू लागे, डोळ्यांतून पाणी येई आणि जांभया सुरू होत. नशा बंद केल्यावर सुरुवातीला होणारा त्रास, आमच्या रुग्णांच्या भाषेत ज्याला ‘टर्की’ म्हणतात, त्याचीच लक्षणे, शरीरात नशेचा कणही नसताना, केवळ खुणेने जागी होतात. इथे ती खूण म्हणजे पडद्यावरचे तीन शब्द होते.

त्या क्षणी मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मला एकच सुचले: हे पुसून टाका. मी हात पुढे करून तिन्ही नावांवर खूण केली आणि हटवणार, एवढ्यात त्यांनी विचारले, “काढल्यावर कायमचं जातं का?” खोटे बोलावेसे वाटले, पण बोलले नाही. हटवलेली नावे त्या सेवेत तीस दिवस कचरापेटीत राहतात आणि तोवर परत आणता येतात, असे मी सांगितले. ते किंचित हसले. “मग काय उपयोग? आणि खरं सांगू का मॅडम, तिघांचेही नंबर मला पाठ आहेत.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी ताईंना बोलावून घेतले.

ताई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सर्वप्रथम मला माऊसवरून हात काढायला सांगितला. नावे काढायची की नाही, कधी काढायची आणि कोणाची काढायची, हे तुम्ही ठरवायचे, असे त्या त्यांना म्हणाल्या. पाठ असलेला क्रमांक डोक्यातून पुसता येत नाही हे खरे. पण तल्लफ लाटेसारखी चढते आणि ओसरते, आणि ती चढलेली असताना क्रमांक आठवून एकेक आकडा दाबावा लागणे आणि नावावर नुसते बोट ठेवणे यांत जो थोडासा वेळ जातो, तेवढा वेळही कधीकधी पुरतो. तो वेळ वाढवत नेणे हेच आपले काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते तेव्हा फारच तोकडे वाटले होते. आता वाटत नाही.

त्यानंतरचा पाऊण तास त्यांनी एकट्याने काम केले. एक नाव वाचायचे, थांबायचे, ठरवायचे. काही नावांपाशी ते ताईंशी हलक्या आवाजात बोलत. मी मुद्दाम पलीकडच्या ओळीत जाऊन इतरांचे टंकलेखन तपासत राहिले. एका नावाशी ते बराच वेळ थांबले. तो मित्र उपचार घेऊन बाहेर पडला होता आणि काही आठवड्यांनी एकदाच घ्यावे म्हणून त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे एरवी पचणारी मात्रा जीवघेणी ठरते. ते नाव त्यांनी राहू दिले. शेवटी कचरापेटीही त्यांनीच रिकामी केली आणि ‘खात्री आहे का’ असे विचारणारी चौकट आल्यावर माझ्याकडे न पाहता होकार दिला.

अर्ज त्या दिवशी गेलाच नाही. संध्याकाळी ताईंनी मला जे काही सुनावले ते योग्यच होते: रुग्णाचे जुने खाते उघडणे म्हणजे त्याचे जुने घर उघडण्यासारखे आहे, आणि तिथे कोणाला एकट्याने नेऊ नये. मी चिडले होते, कारण अभ्यासक्रमात असे कुठे लिहिलेले नव्हते. मग तो अभ्यासक्रम मीच तयार केला होता, हे आठवले. आता जुन्या खात्याचा पाठ वेगळा असतो, समुपदेशकाशी आधी ठरवून घेतला जातो, आणि संपर्क कसे जोडले जातात, ते जोडणे बंद कसे करायचे, ब्राउझरचा इतिहास आणि आपोआप सुचणारे शब्द कसे काढायचे, हे ईमेलच्या आधी शिकवले जाते. पूर्वी या गोष्टी मी वेळ उरला तर शिकवत असे.

चार दिवसांनी ते पुन्हा आले, अर्ज पाठवला, आणि प्रत जोडायची राहिली म्हणून तोच अर्ज दुसऱ्यांदा पाठवला. मग त्यांनी संपर्क यादी उघडली आणि नवे नाव जोडायची चौकट समोर घेऊन मला विचारले, “ताईंचा नंबर टाकायचाय. नाव काय टाकू?” जे आवडेल ते टाका, असे मी म्हणाले. त्यांनी एकेक अक्षर शोधत ताईंचे नाव, आडनाव आणि पुढे ‘समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र’ असे सगळे लिहिले. आडनावात एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करा, असे मी सांगितले नाही.