बेलग्रेड: बांधणाऱ्यानेच पाडलेले बुरूज

सावा नदी डॅन्यूबला मिळते त्या संगमावरच्या टेकाडावर बेलग्रेडचा, म्हणजे सर्बियाच्या राजधानीचा, किल्ला आहे. वरच्या कोटाच्या टोकाला उभं राहिलं की या जागेवर सगळ्यांचा डोळा का होता ते लगेच कळतं. दोन्ही नद्या तोफेच्या माऱ्यात, आणि पलीकडे हंगेरीच्या दिशेने नुसतं सपाट मैदान. समोरचं झेमुन 1918 पर्यंत परक्या राज्यात होतं. जुलै 1914 मध्ये पहिल्या महायुद्धाचे पहिले तोफगोळे शहरावर पडले, तेही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नदीतल्या युद्धनौकांवरून.

कॉन्स्टँटिनोपल जिंकलेला सुलतान दुसरा मेहमद 1456 मध्ये इथे चालून आला आणि हंगेरीचा सेनानी यानोश हुन्यादीने त्याला परतवलं. 1521 मध्ये सुलतान सुलेमानाने मात्र किल्ला घेतलाच. पुढे 1688 मध्ये तो ऑस्ट्रियाकडे गेला आणि 1690 मध्ये पुन्हा तुर्कांकडे. त्या वेढ्यात दारूकोठार उडालं आणि आतल्या फौजेचा कणाच मोडला.

मी सर्वाधिक रेंगाळलो ते 1717 नंतरच्या खुणा शोधत. त्या वर्षी ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स युजीन किल्ल्याला वेढा घालून बसला असताना मागून प्रचंड तुर्की कुमक येऊन ठेपली. वेढा घालणाराच कोंडीत सापडला. 16 ऑगस्टच्या पहाटे दाट धुक्यात त्याने कुमकेवरच हल्ला चढवला, ती उधळली, आणि किल्ला शरण आला. मग ऑस्ट्रियाने इथे पाण्यासारखा पैसा ओतला. निकोला डोक्सा या स्विस अभियंत्याच्या देखरेखीखाली नवे बुरूज, खंदक, दरवाजे उभे राहिले.

या डोक्साबद्दल मला फार हळहळ वाटते. 1737 मध्ये त्याने सर्बियातल्याच निश शहराचा किल्ला तुर्कांना न लढता दिला. लष्करी न्यायालयाने त्याला दोषी धरलं आणि 1738 मध्ये त्याचं डोकं उडवलं, तेही बेलग्रेडमध्येच. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाने तहात बेलग्रेडही सोडलं. (आपल्याकडे चिमाजीअप्पांनी वसई घेतली ते हेच 1739 साल.) तहाची अट अशी, की ऑस्ट्रियाने नव्याने बांधलेली तटबंदी पाडून मगच किल्ला द्यायचा. दोन दशकं खपून बांधलेलं त्यांनी स्वतःच पाडलं.

त्यातून वाचलेला ऑस्ट्रियाचा सम्राट सहाव्या चार्ल्सचा दरवाजा खालच्या कोटात आहे. बहुतेक लोक वर विजयस्मारकापाशी फोटो काढून परततात. तुम्ही मात्र खाली उतराच.

1789 मध्ये ऑस्ट्रिया पुन्हा आली, 1791 च्या तहाने पुन्हा गेली. सर्बांनी 1806 मध्ये शहर घेतलं, पण 1813 मध्ये ते गमावलं. पुढे सर्बियाला स्वायत्तता मिळाली तरी किल्ल्यात तुर्की शिबंदी होतीच. 1862 मध्ये तिने खालच्या शहरावरच तोफा डागल्या, तेव्हा युरोपातल्या सत्तांना लक्ष घालावं लागलं. शेवटी एप्रिल 1867 मध्ये किल्ल्याच्या चाव्या सर्बियाचे प्रिन्स मिहाइलो यांच्या हाती आल्या आणि ती शिबंदी न लढता निघून गेली.