कॅनडाच्या मेडिकलसाठी बेळगाव ते बेंगळुरू: जुना टीबी असेल तर आधी कागद शोधा

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातनं हल्ली नर्सिंग केलेली पोरं-पोरी बरीच कॅनडाच्या मागे लागलीत आणि आम्ही त्यासाठीचं मेडिकल, म्हणजे तिकडं राहायला जाण्याआधीची वैद्यकीय तपासणी, करून आलोय हे कळल्यापासून ज्याचा त्याचा फोन येतो, मेडिकलला काय तयारी करायची, गोड कधीपासून बंद करायचं, बीटचा ज्यूस प्यायचा का. ज्यूस प्यायचा तर प्या, पण खरी तयारी कागदांची आहे, आणि आधी कधी काही मोठं दुखणं झालेलं असेल तर फक्त कागदांचीच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आमचं असं की बायको स्टाफ नर्स, अर्ज तिच्या नावावर, मी आणि आमचा सात वर्षांचा पोरगा तिच्या मागनं. आणि मला कॉलेजात असताना टीबी झालेला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, बरा झालो, विसरूनपण गेलो होतो, पण फुफ्फुसावरचा डाग काय विसरत नाही, एक्स-रेवर तो राहतोच.

पहिली गोष्ट, २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एन्ट्रीवाल्यांनी (म्हणजे शिक्षण-अनुभवाच्या जोरावर कॅनडात कायमचं राहायला अर्ज करणाऱ्यांनी) अर्ज सबमिट करायच्या आधीच मेडिकल करून घ्यायचं असा नियम झालाय. पूर्वी अर्ज टाकल्यावर कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडनं मेडिकलचं पत्र यायचं नि मग लोक जायचे. आता खात्याकडनं अर्ज भरायचं इन्व्हिटेशन आलं की साठ दिवसांत सगळं भरायचं, त्यात मेडिकलपण, त्यामुळे जुने कागद शोधायचं काम इन्व्हिटेशनची वाट बघत ठेवू नका. अर्जात ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांचं मेडिकल लागतं, नवरा किंवा पोरं सोबत जाणार नसली तरी.

दुसरं, आपल्या गल्लीतला एमडी कितीही हुशार असू दे, त्याचं सर्टिफिकेट चालत नाही. आयआरसीसी म्हणजे तेच त्यांचं इमिग्रेशन खातं, त्यांच्या साइटवर पॅनेल डॉक्टरांची यादी आहे, त्यातलाच पाहिजे. बेळगावकराला मुंबई काय नि बेंगळुरू काय, दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर. घरात सगळे म्हणत होते मुंबईला जा, मराठी बोलतील, आत्याचं घरपण आहे. आम्ही बेंगळुरू धरलं, कारण माझं टीबीचं कार्ड सरकारी दवाखान्यातलं, वरचा छापील मजकूर इंग्रजीत आणि आतलं हातानं लिहिलेलं निम्मं कन्नडात. मुंबईत ते कोण वाचणार? परत भाषांतर करा, नोटरी करा. बेंगळुरूत तिथल्या सिस्टरनी उभ्या उभ्या वाचून डॉक्टरांना सांगितलं, विषय संपला. तुमचे पेपर मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यातले मराठीत असतील तर हिशेब उलटा करा, मुंबई धरा.

आता कागद. माझी जुनी एक्स-रे फिल्म आईनं ट्रंकेत ठेवलेली, वरती लग्नातला शालू, खाली फिल्म. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, चार महिने घरात मिठाला पाणी सुटतं, तर दोन फिल्म एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की ओढल्या असत्या तर वरचा थर निघून आला असता. एक्स-रेवाल्या ओळखीच्या पोरानं सांगितलं, ओढू नको, तशाच आण, त्यानं कसंतरी करून सोडवल्या आणि एक पूर्ण वाचण्यासारखी निघाली. तर तुमच्याकडे असलेल्या फिल्म आजच बघा आणि उजेडावर धरून मोबाइलमध्ये फोटोपण मारून ठेवा. फोटोवरनं निदान होत नाही, पण तारीख आणि नाव तरी राहतं.

गोळ्यांचं कार्ड सापडत नसेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात टीबी युनिट असतं, तिथं एसटीएसना भेटा, म्हणजे सिनियर ट्रीटमेंट सुपरवायझर. निक्षय ही सरकारची ऑनलाइन नोंद २०१२ ला सुरू झाली, त्यानंतरचा इलाज असेल तर निक्षय आयडीवरनं काढता येतं. त्याआधीचं असेल तर रजिस्टर. रजिस्टर म्हणजे काय ते तिथं गेल्यावरच कळतं, कपाटाच्या वर, दोरीनं बांधलेलं, वाळवीनं कडा खाल्लेल्या, आणि आम्ही आणि तो क्लार्क असं तिघांनी बोट फिरवत नाव शोधलं. माणूस भला, चहापण पाजला. त्याच्याकडनं ट्रीटमेंट पूर्ण झाल्याचा दाखला लेटरहेडवर, शिक्क्यासकट घ्या, आणि त्यात कोणत्या गोळ्या, कधी सुरू, कधी बंद, शेवटच्या थुंकीच्या तपासणीत काय आलं एवढं तरी लिहून घ्या. नुसतं 'बरा झाला' असलेलं पत्र अर्धं कामाचं.

नावाचा घोळ आपल्या भागात ठरलेला. कार्डावर माझं नि वडिलांचं नाव, आडनाव गायब, पासपोर्टवर सगळं व्यवस्थित. जुन्या कागदांवर बेल्गाम, नव्यावर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं. गावाच्या नावाचं कुणी विचारलंच नाही. माझ्या नावासाठी मात्र मी दोन्ही नावं एकाच माणसाची असं अ‍ॅफिडेव्हिट करून नेलं होतं, ते त्यांनी फाइलला लावलं.

हे चाललं असताना इथल्या एका एजंटानं, नाव घेत नाही, निवांत सल्ला दिला, "टीबीचं सांगूलास कशाला? विचारलं तर नाही म्हण की!" असल्यांच्या नादाला लागू नका. डाग एक्स-रेवर दिसणारच, वर खोटं बोलल्याचं निघालं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. आणि बरा झालेला टीबी हे नाकारायचं कारणच नाहीये, मग लपवायचं कशासाठी?

शरीराच्या तयारीचं थोडक्यात. उपाशी जायची गरज आम्हाला सांगितली नव्हती, तरी अपॉइंटमेंट घेतानाच क्लिनिकला विचारा. रोजच्या गोळ्या बंद करू नका, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. पंधरा वर्षांच्या वरच्यांच्या रक्तात एचआयव्ही, सिफिलिस आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतीय ते सांगणारं) बघतात. क्रिएटिनिन मटण चापून खाल्लं की तेवढ्यापुरतं वर जातं, आणि जोराच्या व्यायामानं लघवीत प्रोटीन दिसू शकतं. म्हणजे आदल्या रात्री पाहुण्यांनी मटणाचा बेत केला तर हात जोडून नको म्हणा, जिम त्या दोन दिवसांत बंद. बायकांनी पाळीच्या तारखा बघूनच अपॉइंटमेंट घ्यावी, लघवीत रक्त आलं की ती टेस्ट परत द्यावी लागते आणि पाचशे किलोमीटरवरनं परत जाणं काय असतं ते सांगायला नको. दिवस राहिलेले असतील तर एक्स-रेआधी सांगायचंच, तो नंतर करता येतो. शुगर असेल तर अलीकडचा एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट सोबत ठेवा, साधी शुगर-बीपी कंट्रोलमध्ये असली की सहसा अडत नाही. चष्मा न्या. लसींची सक्ती कॅनडाच्या मेडिकलला नाही, ती अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाला असते, लोक दोन्हीची भेळ करतात.

जायचं कसं? मिरजेकडनं येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस संध्याकाळी पकडली की सकाळी बेंगळुरू, सगळ्यात सोयीची. वंदे भारतपण ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालीय, पण ती पहाटे निघून दुपारी पोचवते, सकाळच्या अपॉइंटमेंटला उपयोग नाही. उतरल्यावर स्टेशनजवळच मॅजेस्टिक भागात लॉज भरपूर आणि मेट्रो पायाखालीच, मात्र क्लिनिक मेट्रोपासून किती लांब ते आधी बघा, रिक्षावाल्याच्या भरवशावर राहिलात तर ट्रॅफिकमध्ये अपॉइंटमेंट जाईल.

क्लिनिकमध्ये ओरिजिनल पासपोर्ट घेतला, फोटो तिथंच काढला, फॉर्ममध्ये जुने आजार, ऑपरेशन, चालू गोळ्या. पत्र न येता स्वतःहून आलोय, म्हणजे 'अपफ्रंट मेडिकल', हे काउंटरवर सांगा. पैसे माणशी, क्लिनिकप्रमाणे वेगवेगळे, कार्ड चालतं का रोखच लागते ते फोनवर विचारून घ्या. मग उंची, वजन, डोळे, कान, बीपी, छाती-पोट तपासणी. माझं बीपी पहिल्यांदा जास्त आलं, बाई म्हणाल्या बसा जरा, थोड्या वेळानं परत घेतलं तर नॉर्मल. पोराला एक्स-रे नाही, तो अकरा वर्षांपासून पुढं, त्याची फक्त लघवी, आणि तीच सगळ्यात जास्त वेळ चालली कारण गड्याला होईचना. तेवढ्या बाबतीत पाण्याची बाटली न्या आणि उतरल्या उतरल्या पोराला बाथरूमला पाठवू नका.

एक्स-रेला गळ्यातलं सगळं काढायला लावतात, मंगळसूत्र पण. हिच्या मंगळसूत्राचा फासा बसलेला घट्ट, नखानं निघेना, बाहेर रांग, शेवटी टेक्निशियन बाईंनीच काढून दिलं. त्यामुळे घरनं निघतानाच छोटी पर्स घेऊन त्यात काढून ठेवलं तर बरं. केस वर बांधायचे, वेणी पाठीवर राहिली तर फिल्मवर येते.

माझा एक्स-रे बघून डॉक्टरांनी आत बोलावलं, वरच्या बाजूचा डाग दाखवला, जुनी फिल्म शेजारी लावली. बराच वेळ बघत होते. म्हणाले डाग जुनाच वाटतोय, पण थुंकी तपासावीच लागेल. म्हणजे लागोपाठ तीन दिवस सकाळचा नमुना, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कल्चरलापण लावतात, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढतोय का बघतात, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात कारण हा जंतू फार हळू वाढतो. काहींना हे तिथंच सांगतात, काहींना नंतर खात्याकडनं पत्र येतं. म्हणून जुना टीबीवाल्यांनी अपॉइंटमेंट सोमवारी नाहीतर मंगळवारीच घ्यायची, मध्ये रविवार आला की साखळी तुटते, आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढायचं नाही. बायको-पोराला पुढं पाठवलं, मी लॉजवर.

नमुना देताना चूळ नुसत्या पाण्यानं, काही खायच्या आधी, आणि खोल श्वास घेऊन छातीतनं खोकून काढायचं, तोंडातली लाळ दिली तर परत मागतात. कोरड्या छातीच्या माणसाला हे अवघड जातं. मला त्यांनी मिठाच्या पाण्याची वाफ दिली तेव्हा कुठं निघालं. नंतर दिवसभर मोकळाच, मग काय, गांधी बझारला विद्यार्थी भवनचा डोसा खाऊन आलो, शुक्रवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा.

निघताना क्लिनिक एक इन्फॉर्मेशन शीट देतं, फोटो आणि मेडिकल नंबर असलेली, तीच अर्जासोबत अपलोड करायची. काउंटर सोडायच्या आधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर अक्षर अक्षर जुळवा. कल्चर बाकी असलं तरी ही शीट मिळते, त्यामुळे अर्ज अडत नाही, निकाल मागनं क्लिनिकच ऑनलाइन पाठवतं. डॉक्टरांना पास झालो का विचारू नका, ठरवणारे ते नाहीतच, निर्णय खात्याचा. केलेलं मेडिकल साधारण बारा महिने ग्राह्य धरतात, तेवढ्यात तिकडं उतरायला हवं.

माझं कल्चर निगेटिव्ह आलं आणि पुढं मेडिकल सर्व्हेलन्सचा कागद लागला. घाबरायचं काही नाही, कॅनडात उतरल्यावर तीस दिवसांच्या आत तिथल्या पब्लिक हेल्थला कळवायचं, ते बोलावून तपासतात. तो कागद पासपोर्टसोबतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, एअरपोर्टवर अधिकारी मागू शकतो. आणि जुनी फिल्म, दाखला, कल्चरचा रिपोर्ट, सगळ्याची एक प्रत सोबत न्या, एक बेळगावात घरी ठेवा, ट्रंकेत नको.