तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सला भूल देता येते का?

“मॅडम, नर्सला भूल देण्याचे काम करता येते का?” हा प्रश्न कोल्हापुरातल्या माझ्या विद्यार्थिनी दरवर्षी विचारतात. अलीकडे त्यांचे पालकही विचारतात, कारण परदेशी गेलेल्या कुणाकडून तरी तिथल्या पगाराचा आकडा त्यांच्या कानावर आलेला असतो.

आपल्याकडे भूल देतो तो भूलतज्ज्ञ डॉक्टर. परिचारिका त्याला साहाय्य करते. अमेरिकेत मात्र हा परिचारिकांचा जुना व्यवसाय आहे. मिनेसोटातल्या ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा १९०६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू झाला नव्हता. आज तिथे त्या वाटेने जायचे तर नर्सिंगची पदवी, नोंदणी, अतिदक्षता विभागातला किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर डॉक्टरेट एवढे सगळे लागते. पगाराच्या आकड्यासोबत हे सहसा कुणी सांगत नाही.

मग शस्त्रक्रियागृहात इतकी वर्षे काढून मी शिकवते तरी काय? घशातली लाळ-उलटी ओढून घेणारे सक्शन चालते का, घशात पाहून श्वासनळी शोधायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, ऑक्सिजनचा जादा सिलिंडर भरलेला आहे का, हे रोज सकाळी पाहायला शिकवते. पण त्याहून अधिक वेळ मी एका प्रश्नावर घालवते, आणि त्याला कारण माझीच एक चूक आहे.

नोकरीच्या सुरुवातीला हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका पैलवानाला मी विचारले, “काही खाल्लंत का?” तो “न्हाई” म्हणाला आणि मी तसे लिहून टाकले. टेबलावर घेतल्यावर डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पहाटे गंगावेशीत दोन गिलास धारोष्ण घेतलं. दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय?” शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते; दुधाला मात्र सहा तास द्यावे लागतात, कारण ते पोटात गेल्यावर त्याचे दही होते आणि ते घट्ट अन्नासारखेच रेंगाळते. भुलीत घशाची राखण थांबलेली असते, त्यामुळे पोटातले वर आले तर ते थेट फुप्फुसात उतरू शकते. पैलवान खोटे बोलला नव्हता. त्याच्या हिशेबी खाणे म्हणजे भाकरी, आणि मी विचारले होते ते खाण्याबद्दलच.

तेव्हापासून “उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?” असे विचारायचे आणि मग चहा, दूध, पान, तंबाखू एकेक नाव घ्यायचे, असा वर्गात दंडक आहे. मुलींना तो सुरुवातीला पोरकट वाटतो. गेल्या महिन्यात त्यांतल्याच एकीने यादी संपल्यावर आपणहून विचारले, “आणि मिश्री, आजी?”

आजींनी हळूच तोंडाला पदर लावला.