मुकुटवेणी: डाव्या कानामागची ती शेपटी

डोक्याभोवती मुकुटासारखी फिरवलेली वेणी म्हणजे मुकुटवेणी. गेल्या वेळी तिच्याबद्दल 'जमलं एकदाचं' असं लिहून मोकळी झाले होते. शब्द मागे घेते. रविवारी इंदिरानगरहून स्कूटरवर गंगापूर रोडला लग्नाला गेले, पार्किंगमध्ये हेल्मेट काढलं आणि डाव्या कानामागची वेणीची शेपटी केसांच्या दोन आकड्यांसकट खांद्यावर लोंबायला लागली. बाकी मुकुट जागच्या जागी. नवरा म्हणाला, "हे असंच असतं का?"

मापं गेल्या वेळचीच. केस 84 सेंमी, डोक्याचा घेर 57. उलटी सागरवेणी (पेड वरून न घेता खालून घेत गुंफलेली), डाव्या कानामागून सुरू, मानेवरून उजवीकडे, कपाळावरून फिरून परत डाव्या कानाशी. मानेजवळ वेणीला येणारा फुगवटा मात्र कायमचा गेला. मान खाली घालून गुंफत होते. मान सरळ केली की तिथले केस सैल पडणारच की! हे कळायला मला चार महिने लागले.

आता शेपटी. कानाशी पोचल्यावर भरायला नवे केस उरत नाहीत. पुढची वीतभर वेणी डोक्याला धरून नसते, नुसती टेकलेली असते, शिवाय टोकाकडे बारीक होत जाते. मी आधी आकडे वाढवले, सहाचे चौदा. मग जवसाची जेल थापली. दुपारपर्यंत पांढरे पापुद्रे सुटले, लोकांना कोंडा वाटला. केस आदल्या दिवशी धुऊन पाहिले, तेल बंद केलं. थोडा फरक पडला, इतकंच. आणि ते डझनाने मिळणारे स्वस्त आकडे कृपा करून घेऊ नका. टोकाचा मणी तिसऱ्या दिवशी निघतो आणि उघडी तार टाळूला ओरखडे काढते. जाड, थोडे नागमोडी घ्या, सहाच घ्या.

सोमवारी आरशासमोर चिडचिड चालली होती, तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगं, सरळ काय खुपसतेस? तो वेणीतून जातो नि वेणीतूनच निघतो." आकडा हातातून घेतला. त्याची टोकं मुकुटाच्या बाहेरच्या बाजूला करून वेणीच्या कडेचे चार केस आणि खालचे डोक्याचे चार केस उचलले, मग आकडा उलटा फिरवून वेणीखाली आत दाबला. कट्ट झाल्यासारखा बसला. त्या खोपा घालायच्या तेव्हाची ही युक्ती. शेपटीचं टोक सुरुवातीच्या पेडाखाली सरकवलं आणि सहा आकड्यांत काम झालं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एक केस हलला नाही. मी ऑफिसात उगाचच मान हलवत होते.

बुधवारी हेल्मेट घालून कॉलेज रोडला जाऊन आले. शेपटी टिकली! पण कपाळावरचा भाग बोटभर मागे सरकला, आकडे टाळूत रुतले. पुढच्या खेपेला वेणी खाली, कानांच्या रेषेत घ्यायची असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता प्राचीन रोमन केशरचना आठवल्या. बाल्टिमोरच्या केशरचनाकार जॅनेट स्टीफन्स यांनी 2008 मध्ये मांडलं की त्या वेण्या सुई-दोऱ्याने शिवलेल्या असायच्या. लॅटिनमधल्या 'आकुस' या शब्दाचा अर्थ सुईही होतो आणि केसांचा आकडाही. मग हेल्मेटखाली लोखंड हवंच कशाला? वेणी खाली घेणं रद्द. आता शिवायची.

वूलची बोथट सुई घरात होती. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "डोकं आहे की गोधडी?" आणि सुई ओवून दिली. टाके वेणीच्या आतल्या कडेतून घालणार आहे, आकड्यासारखेच खालचे केस धरून. पहिल्या खेपेला दोरा लाल. काळा घेतला तर उसवताना कात्री दोऱ्यावर चालतेय की केसांवर, हेच कळणार नाही.